माझदा : एका हट्टाचा जमाखर्च

'माझदा' हे नाव मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांत प्रथम आले ते मोटारीच्या रूपाने नव्हे; ते आले विजेच्या दिव्याच्या रूपाने. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९०९ साली आपल्या दिव्यांसाठी हे नाव योजिले, आणि पुढे कित्येक वर्षे काचेच्या त्या लहानशा गोळ्यावर ते वाचावयास मिळे. पारशी बांधव ज्या परमेश्वराची 'अहुर मज्द' या नावाने उपासना करतात, त्याच्यावरून ते घेतले होते. ज्ञान आणि प्रकाश यांच्या अधिष्ठात्याचे नाव दिव्याला द्यावे, यात नवल नाही.

पुढे १९३१ साली हेच नाव जपानातील हिरोशिमा येथे एका तीनचाकी मालगाडीवर उमटले. तेथे त्याला ज्ञानदेवतेबरोबर आणखी एक कारण होते. कारखान्याच्या प्रमुखांचे आडनाव मात्सुदा. जपानी लिपीत या कारखान्याचे नाव आजही 'मात्सुदा' असेच लिहितात. रोमन लिपीत मात्र त्याचे 'माझदा' होते. घराण्याचे नाव आणि देवतेचे नाव अशी दोन्ही एकाच शब्दात सामावली.

भारतात या कारखान्याच्या खासगी मोटारी कधी रीतसर विक्रीस आल्या नाहीत. परंतु १९८३ साली पंजाबात 'स्वराज माझदा' ही कंपनी निघाली, आणि तिच्या हलक्या मालमोटारी व शाळेच्या मुलांना नेणाऱ्या बसगाड्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही पुष्कळ वर्षे दिसत होत्या. २०११ साली त्या कंपनीच्या नावातून 'माझदा' हा शब्द गळाला. नाव परिचयाचे झाले आणि निघूनही गेले. त्यामागची कथा मात्र इकडे फारशी कोणी ऐकली नाही.

ती कथा एका हट्टाची आहे. साऱ्या जगाने सोडून दिलेले एक यंत्र या कारखान्याने हाती धरले आणि पन्नास-साठ वर्षे ते सोडले नाही. हट्टाची स्तुती करणे सोपे असते. कठीण असते ते त्याचा जमाखर्च मांडणे. कारण कारखानदाराच्या हट्टाची किंमत तो एकटा कधीच भरीत नाही. काही भाग कामगार भरतो, काही धनको भरतो, आणि उरलेला भाग ज्याने पदरचे पैसे टाकून ती मोटार दारी आणून उभी केली तो गृहस्थ भरतो. माझदाच्या कथेत हे तिन्ही पक्ष आहेत.

आरंभ मोटारीपासून नाहीच. तो आहे बुचापासून. पहिल्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडून येणारे बुचाचे लाकूड जपानला मिळेनासे झाले, तेव्हा हिरोशिमाच्या परिसरात एका देशी ओक वृक्षाच्या सालीपासून बूच करण्याचा धंदा उभा राहिला. १९२० च्या जानेवारीत 'तोयो कॉर्क कोग्यो' ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा तिचे प्रमुख झाले. हे गृहस्थ कोळ्याच्या घरात जन्मलेले, लहानपणीच लोहारकामाला लागलेले आणि एका पंपाच्या शोधावर वर आलेले. युद्ध संपताच परदेशी बूच पुन्हा स्वस्त येऊ लागले. त्यात १९२५ साली कारखान्याला आग लागली. दुसरा एखादा येथेच थांबला असता. मात्सुदांनी मात्र कंपनीच्या नावातून १९२७ साली बूच काढून टाकले आणि यंत्रांचे काम हाती घेतले. १९३१ मध्ये त्यांची तीनचाकी मालगाडी बाजारात आली. पुढे मोटारसायकलीसारखे एक चाक, मागे दोन चाकांवर माल ठेवण्याची पेटी, असे तिचे रूप होते. लहान व्यापाऱ्याला परवडेल अशी ती गाडी होती. लोकांना तिची खात्री पटावी म्हणून १९३६ साली अशा गाड्यांचा एक तांडा दक्षिणेच्या कागोशिमाहून थेट टोकियोपर्यंत नेण्यात आला.

पुढे युद्ध आले आणि कारखान्यात बंदुका होऊ लागल्या. ६ ऑगस्ट १९४५ हा दिवस जुजिरो मात्सुदा यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. कारखाना स्फोटाच्या मध्यबिंदूपासून सुमारे पाच किलोमीटरवर, फुचू येथे होता, आणि मध्ये हिजियामा नावाची एक टेकडी उभी होती. त्या टेकडीच्या आडोशामुळे इमारती बहुतेक वाचल्या. परंतु शहरात असलेली कारखान्याची शंभरांहून अधिक माणसे प्राणास मुकली. जुजिरो स्वतः वाचले. कारखान्याच्या आवारात जखमींवर उपचार सुरू झाले. शहरात सरकारी कचेरी भरवावयास छप्पर उरले नव्हते. म्हणून प्रांतिक सरकारचा कारभार याच इमारतींत आला आणि १९४६ च्या उन्हाळ्यापर्यंत तेथे चालला. हिरोशिमाच्या नभोवाणी केंद्रानेही काही काळ याच छपराखाली आसरा घेतला. त्या दिवसांत हा मोटारीचा कारखाना म्हणजेच शहर होते. डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे अवघ्या चार महिन्यांत, तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. घरे बांधावयास लाकूड आणि माती वाहून नेणारे वाहन हवेच होते. गावाचे आणि कारखान्याचे हे नाते पुढे एका मोठ्या संकटात कामास आले.

युद्धोत्तर काळात जुजिरो यांचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा यांनी १९५१ साली सूत्रे हाती घेतली. १९६० मध्ये 'आर-३६०' ही चिमुकली मोटार निघाली. तिची किंमत ३ लाख येन होती, आणि दोन वडीलधारी माणसे व दोन मुले एवढेच तीत मावत. मध्यम स्थितीतील जपानी कुटुंबाला प्रथमच मोटार आवाक्यात आल्यासारखी वाटली. परंतु १९६१ च्या सुमारास जपान सरकारच्या उद्योगखात्याच्या मनात एक विचार घोळू लागला : परदेशी स्पर्धेला तोंड द्यावयाचे तर देशातील अनेक मोटार कारखाने दोन-तीन गटांत एकत्र करावेत. टोकियोपासून शेकडो मैलांवर असलेल्या, राजधानीत वजन नसलेल्या कारखान्याला याचा अर्थ स्पष्ट होता. आपल्यापाशी दुसऱ्यापाशी नाही असे काही नसेल, तर कोणीतरी मोठा आपल्याला गिळणार. त्सुनेजी जर्मनीला गेले आणि एन्‌एस्‌यू या कारखान्याशी करार करून आले. करार होता तो फेलिक्स वांकेल या संशोधकाच्या फिरत्या यंत्राचा.

हे यंत्र काय आहे, ते समजल्यावाचून पुढील कथेचे मर्म कळणार नाही. नेहमीच्या मोटारीच्या यंत्रात एक दट्ट्या सिलिंडरमध्ये वर-खाली होतो. उखळात मुसळ चालावे तसे ते काम असते. प्रत्येक खेपेस मुसळ वर जाते, थांबते, खाली येते, पुन्हा थांबते. या थांबण्या-उलटण्यात धक्के बसतात आणि शक्ती वाया जाते. वांकेल यांनी मुसळाच्या जागी जाते आणले. त्यांच्या यंत्राचे कवच मध्ये किंचित आवळलेले असते. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेचा छेद डोळ्यांपुढे आणावा. त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरगरत फिरतो. त्रिकोणाची तिन्ही टोके कवचाला सतत टेकलेली असतात, त्यामुळे त्याच्या भोवती तीन पोकळ्या होतात आणि फिरताना त्या लहान-मोठ्या होत राहतात. पोकळी मोठी झाली की पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते. लहान झाली की दाबले जाते. ठिणगी पडते, स्फोट होऊन त्रिकोण ढकलला जातो, आणि शेवटी धूर बाहेर पडतो. झडपा नाहीत, वर-खाली हिसके नाहीत. भाग थोडे, आकार लहान, वजन हलके, आणि चाल तर अशी मुलायम की यंत्र चालू आहे की नाही असा प्रश्न पडावा.

कागदावर हे सारे सुंदर होते. अडचण त्रिकोणाच्या टोकांशी होती. एका पोकळीतील वायू दुसरीत जाऊ नये म्हणून प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी बसवावी लागते, आणि ती कवचाच्या आतील भिंतीवर वेगाने घासत राहते. हिरोशिमात पहिली यंत्रे चालवून उघडली तेव्हा त्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे पडलेले आढळले. तेथील यंत्रज्ञांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असे नाव दिले. शिवाय वंगणतेल आत झिरपे आणि मोटारीमागे पांढऱ्या धुराचा लोट उठे.

१९६३ साली केनइची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली या यंत्रासाठी स्वतंत्र विभाग काढण्यात आला. त्यात ४७ यंत्रज्ञ होते. जपानात स्वामिनिष्ठ ४७ सामुरायांची कथा घरोघर ठाऊक असल्यामुळे त्यांना तेच नाव पडले. झोपेतही ओरखड्यांचाच विचार करा, असा यामामोतो यांचा सहकाऱ्यांना आग्रह असे. अखेर ध्यानी आले की दोष केवळ पट्टीच्या कठीणपणात नाही; पट्टी आपल्या स्वाभाविक कंपनाने थरथरते आणि त्या थरथरीचे हे ओरखडे आहेत. पट्टीच्या टोकाजवळ आडवी-उभी छिद्रे पाडून ती थरथर मोडता आली. पुढे कोळसा आणि ॲल्युमिनियम यांच्या संयोगाने बनविलेली पट्टी सापडली, आणि विक्रीच्या मोटारीत तीच बसविण्यात आली. ३० मे १९६७ रोजी 'कॉस्मो स्पोर्ट' ही दोन त्रिकोणी चक्रांची, ११० अश्वशक्तीची मोटार बाजारात आली. पुढच्याच वर्षी जर्मनीतील ८४ तासांच्या अखंड शर्यतीत एक कॉस्मो चौथी आली.

येथे मूळ जर्मन कारखान्याची गोष्ट बाजूला ठेवून पाहण्याजोगी आहे. एन्‌एस्‌यूनेही १९६७ सालीच आपली 'आर-ओ ८०' ही मोटार काढली. ती दिसावयास देखणी, चालीला उत्तम, आणि तिला युरोपात वर्षातील सर्वोत्कृष्ट मोटारीचा मानही मिळाला. परंतु टोकांच्या पट्ट्यांचा प्रश्न पुरता सुटण्यापूर्वीच ती गिऱ्हाइकांच्या हाती गेली. यंत्रे लवकर निकामी होऊ लागली आणि कारखाना ती फुकट बदलून देऊ लागला. वाटेत दोन आर-ओ ८० समोरासमोर आल्या की आपले कितवे यंत्र चालू आहे ते मालक एकमेकांना बोटे वर करून दाखवीत, असे सांगतात. विनोद चांगला आहे. पण त्या विनोदात एन्‌एस्‌यू बुडाली. १९६९ मध्ये ती दुसऱ्या मोठ्या उद्योगसमूहात विलीन झाली. जो प्रयोग कारखान्याच्या भिंतीआड पुरा व्हावयास हवा होता, तो गिऱ्हाइकाच्या दारात करण्याचे हे फळ.

माझदाने तो प्रयोग घरातच पुरा केला, असे १९७० च्या सुमारास सर्वांना वाटले. तिने आपल्या नित्याच्या कुटुंबोपयोगी मोटारींतही हे यंत्र बसविले आणि अमेरिकेच्या बाजारात पाऊल टाकले. त्याच वर्षी अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. फिरत्या यंत्रातून न जळलेले पेट्रोल पुष्कळ बाहेर पडते. माझदाने ते धुराच्या वाटेवर एका तप्त कोठीत जाळून टाकण्याची युक्ती काढली, आणि १९७३ च्या आरंभी सरकारी चाचणीत तिचे यंत्र उतरले. अमेरिकेतील बडे कारखानेही आता या यंत्राकडे आशेने पाहू लागले.

परंतु जे न जळलेले पेट्रोल कोठीत जाळले, ते मालकाच्या खिशातूनच आलेले होते. या यंत्राची पोकळी लांबट आणि पसरट. ज्योत तिच्या कानाकोपऱ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ते मुळातच खादाड. पेट्रोल पाण्याच्या भावाने मिळत होते तोवर ही खोड कोणाला बोचली नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल अडविले आणि एका रात्रीत जग बदलले. अमेरिकन सरकारच्या तक्त्यात शहरात गॅलनमागे दहा-अकरा मैल असा माझदाचा आकडा छापून आला. कारखान्याने त्यावर वाद घातला. पण पेट्रोलपंपापुढच्या रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थाला वादाशी कर्तव्य नव्हते. न विकलेल्या मोटारींनी आवारे भरून गेली, कर्जाचा डोंगर झाला, आणि कारखाना बुडणार अशी चिन्हे दिसू लागली.

हट्टाचा पहिला मोठा हप्ता येथे भरावा लागला. सुमितोमो बँकेने कर्जाची जबाबदारी घेतली आणि त्याबरोबर कारभारावर आपली माणसे आणून बसविली. १९७७ मध्ये मात्सुदा घराण्याकडील अध्यक्षपद गेले. कामगारांना सरसकट काढून टाकले नाही. परंतु ज्यांनी जन्मभर लोखंड हाताळले अशा हजारो लोकांना मोटारी विकण्यासाठी देशभर दारोदार पाठविण्यात आले. हिरोशिमातील व्यापारी आणि नागरिक यांनी आपल्या गावचीच मोटार घ्यावयाची, अशी चळवळ चालविली. स्वदेशीचे व्रत ज्या महाराष्ट्राने पाहिले आहे, त्याला या गावकीच्या स्वदेशीचा अर्थ सांगावयास नको. १९४५ मध्ये कारखान्याने गावाला छप्पर दिले होते. तीस वर्षांनी गावाने ती उतराई केली.

शहाण्या माणसाने येथे ते यंत्र सोडले असते, आणि व्यवहारदृष्ट्या माझदाने ते बहुतांशी सोडलेही. कुटुंबाच्या मोटारींना तिने पुन्हा साधी यंत्रे बसविली, आणि त्यांच्याच विक्रीवर कारखाना सावरला. परंतु यामामोतो यांचे म्हणणे असे की, ज्यांनी विश्वासाने फिरते यंत्र विकत घेतले त्यांना वाऱ्यावर सोडून जाणे म्हणजे विश्वासघात होईल. यंत्राची पेट्रोलची भूक ४० टक्क्यांनी कमी करण्याचे काम हाती घेण्यात आले आणि त्याला फिनिक्स या राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले. १९७८ साली 'आर-एक्स ७' आली. यंत्र लहान आणि हलके असल्यामुळे ते पुढल्या चाकांच्या मागे सरकवता आले, वजनाचा तोल साधला आणि मोटार वळणावर हाताच्या बोटासारखी वळू लागली. खादाडपणा कुटुंबाच्या मोटारीत दोष होता. हौसेच्या मोटारीत तो सोसण्याजोगा ठरला. तीन पिढ्यांत मिळून आठ लाखांवर आर-एक्स ७ विकल्या गेल्या. ज्यांनी हे यंत्र सोडू नये म्हणून आग्रह धरला ते यामामोतो १९८४ मध्ये अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी कंपनीने 'माझदा' हे नाव अधिकृतपणे धारण केले.

या मोटारींच्या मालकांचा अनुभव हा एक निराळाच विषय आहे. साध्या मोटारीचा मालक चावी फिरवितो आणि जातो. फिरत्या यंत्राचा मालक एखाद्या तापट, गुणी गवयाला सांभाळावे तशी मोटार सांभाळतो. टोकांच्या पट्ट्यांना ओलावा मिळावा म्हणून हे यंत्र थोडेथोडे वंगणतेल मुद्दामच जाळते. म्हणून पेट्रोल भरताना तेलाची काडी काढून पाहणे हा नित्यनेम होतो. ज्याने तो मोडला, त्याचे यंत्र कधीतरी मोडले. थंड यंत्र सुरू करून मोटार अंगणातून चार हात पुढे घ्यावी आणि लगेच बंद करावी, हा येथे प्रमादच. पेट्रोल आत साचते, प्लग भिजतात आणि पुढच्या वेळी मोटार काही केल्या सुरू होत नाही. उलट, यंत्र नीट तापल्यावर अधूनमधून ते वरच्या वेगात पळवावे, म्हणजे आत काजळी धरत नाही. चाल इतकी मऊ की वेगाची मर्यादा ओलांडली तरी कानाला कळत नाही. यासाठी कारखान्याने आर-एक्स ७ मध्ये इशाऱ्याचा भोंगा बसविला होता.

जुनी मोटार घेणारा जाणता गिऱ्हाईक रंग पाहत नाही, गाद्या पाहत नाही. तो प्रथम यंत्र चांगले तापवून बंद करावयास लावतो आणि पुन्हा सुरू होते की नाही ते पाहतो. कारण पट्ट्या झिजल्या असतील तर तापलेले यंत्र दाब धरत नाही. नंतर तो प्रत्येक चक्राच्या तिन्ही बाजूंचा दाब निरनिराळा मोजून घेण्याचा आग्रह धरतो. हे मोजण्याचे साधन कोपऱ्यावरच्या प्रत्येक मिस्त्रीपाशी नसते. म्हणूनच न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, प्वेर्तो रिको अशा एकमेकांपासून दूरच्या मुलखांत केवळ हेच यंत्र जाणणाऱ्या कारागिरांची आणि मालकांची स्वतंत्र बिरादरी तयार झाली. ठराविक मैलांनंतर यंत्र पुरते खोलून नवे करावे लागते, हे ते एकमेकांपासून लपवीत नाहीत. त्यासाठी पैसे बाजूला ठेवतात. त्यांना विचारावे की एवढा खटाटोप कशासाठी, तर बहुतेकांचे उत्तर एकच येते : असे चालणारे दुसरे यंत्र नाही.

त्या उत्तराला १९९१ साली जगाने साक्ष दिली. फ्रान्समधील ले माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत ५५ क्रमांकाची, चार चक्रांची माझदा ७८७-बी पहिली आली. फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बेर्त्राँ गाशो हे तिचे चालक. शेवटचा टप्पा हर्बर्ट यांनी चालविला, आणि मोटारीतून उतरल्यावर ते इतके गळून गेले की विजयमंचावर उभेही राहू शकले नाहीत. ले माँ जिंकणारी ती पहिली जपानी मोटार. दट्ट्याचे यंत्र नसलेली मोटार त्यापूर्वी तेथे कधीच जिंकली नव्हती आणि फिरत्या यंत्राने पुन्हा जिंकलेली नाही.

परंतु जमेच्या बाजूला एवढे मोठे नाव लिहिले गेले तरी खर्चाची बाजू कोरी राहिली नाही. जपानची आर्थिक भरती ओसरताच माझदा पुन्हा अडचणीत आली. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने १९७९ पासूनच तिच्यात सुमारे चतुर्थांश भाग घेतला होता. १९९६ मध्ये तो ३३.४ टक्के झाला आणि हेन्री वॉलेस हे अध्यक्ष झाले. जपानी मोटार कारखान्याच्या प्रमुखपदी परदेशी गृहस्थ बसण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याच राजवटीत २००३ साली 'आर-एक्स ८' निघाली. अमेरिकेत तिची जेवढी अश्वशक्ती जाहीर केली होती तेवढी ती नाही, हे विक्री सुरू होताच उघड झाले. कंपनीने चूक कबूल केली आणि मोटार परत घेण्याची तयारी दाखविली. ज्यांना ती ठेवावयाची होती त्यांना ५०० डॉलर आणि काही काळ फुकट देखभाल देऊ केली. पुढे यंत्रे अकाली दाब गमावू लागल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २००८ मध्ये अमेरिकेतील मालकांसाठी यंत्राच्या गाभ्याची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढविण्यात आली. एन्‌एस्‌यूला बुडविणारा जुना प्रश्न चाळीस वर्षांनीही पुरता मेला नव्हता. फरक एवढाच की या खेपेस कारखान्याने बिल आपल्या नावावर घेतले. निदान त्याचा बराचसा भाग. हमीची मुदत संपल्यानंतर ज्यांनी जुनी मोटार हौसेने घेतली, त्यांना मात्र ते स्वतःच भरावे लागले. युरोपातील धुराचे नियम कडक झाले, आणि २०१२ मध्ये आर-एक्स ८ बंद पडली.

हट्टाचे दुसरे आणि अधिक सुदैवी अपत्य म्हणजे 'एम-एक्स ५'. उघड्या टपाच्या लहान इंग्रजी मोटारी १९५०-६० च्या दशकांत लोकांना वेड लावीत आणि त्याबरोबर रस्त्यात तेल सांडीत, पावसात गळत, वाटेत बंद पडत. त्या नाहीशा झाल्यावर तसली मोटार पुन्हा कोणी करील असे वाटत नव्हते. बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने यामामोतो यांना ही कल्पना सुचविली. १९८९ मध्ये ती प्रत्यक्षात आली : दोन माणसांपुरती, टनाहून कमी वजनाची, साध्या यंत्राची आणि वाटेत दगा न देणारी. तिच्या रचनाकारांनी पुढे ठेवलेले सूत्र होते 'जिनबा इत्ताइ', म्हणजे स्वार आणि घोडा यांचे एकरूप होणे. घोड्यावर मांड ठोकून डोंगर पालथे घालणाऱ्यांच्या मुलखात या सूत्राचे भाषांतर करण्याची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी एम-एक्स ५ तयार झाली. दोन आसनांची इतकी खपलेली क्रीडामोटार दुसरी नाही.

या मोटारीचे मालक तक्रारी करीत नाहीत असे नव्हे. सामान ठेवावयास जागा नाही, उंच माणसाचे गुडघे अडतात, जुन्या गाड्यांचे पत्रे गंजतात. पण ती विकून टाकलेल्यांपैकी पुष्कळ जण काही वर्षांनी दुसरी घेतात. २०१७ साली माझदाने जपानात पहिल्या पिढीच्या एम-एक्स ५ गाड्या कारखान्यातच पूर्ववत करून देण्याची सोय केली. त्यासाठी मालकांना भेटून काय हवे ते विचारले, आणि कापडी टप, लाकडी सुकाणूचक्र, इतकेच नव्हे तर त्या काळच्या नमुन्याचे टायरसुद्धा पुन्हा बनविले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी विकलेल्या वस्तूची जबाबदारी अशी घ्यावी, हे बाजारात क्वचित दिसते.

फोर्डने २००८ पासून आपला भाग विकावयास आरंभ केला आणि २०१५ मध्ये तो संबंध संपला. नंतर टोयोटाशी हातमिळवणी झाली. अमेरिकेत अलाबामा राज्यात दोघांचा भागीदारीचा कारखानाही उभा राहिला. आणि २०२३ मध्ये, अकरा वर्षांच्या खंडानंतर, फिरते यंत्र परत आले. मात्र ते चाके फिरवीत नाही. 'एम-एक्स ३०' या विजेवर चालणाऱ्या मोटारीत एकाच चक्राचे, ८३० घनसेंटिमीटरचे हे यंत्र मुकाट्याने वीज तयार करते आणि बॅटरी भरते. आकार लहान आणि हादरे कमी, हे त्याचे जुने गुण येथे कामास आले. ज्या यंत्राने ले माँ जिंकले त्याने आता माजघरात बसून दळण दळावे, याचा काही जुन्या भक्तांना विषाद वाटतो. पण जात्याचा धर्मच तो. त्याच वर्षी माझदाच्या फिरत्या यंत्राच्या मोटारींची एकूण संख्या वीस लाख झाली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत या यंत्रासाठी स्वतंत्र यंत्रज्ञ-विभाग पुन्हा उघडण्यात आला.

तेव्हा हिशेब काय निघतो? केवळ नफ्यातोट्याने पाहिले तर त्या यंत्राने कारखाना जवळजवळ बुडविला, हे खरे. पण ते यंत्र नसते तर १९६० च्या दशकात तो कारखाना आपल्या नावाने उरला असता काय, हाही प्रश्न विचारावा लागतो. वस्तू विकत घेणाऱ्या गृहस्थाला या कथेतून घेण्याजोगे एक मापही सापडते. नव्या कल्पनेचा कारखानदार भेटला की त्याच्या कल्पनेवर भाळू नये आणि तिला भिऊही नये. कल्पना फसली तर तिचे मोल कोण भरणार, एवढे मात्र पाहावे. एन्‌एस्‌यूजवळ कल्पना होती, पण ती फसल्यावर भरावयास बळ नव्हते. माझदाने कधी वेळेवर, कधी उशिरा, आणि कधी गिऱ्हाइकांचा बोल ऐकल्यावर का होईना, आपला हप्ता भरला. म्हणूनच पस्तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या मोटारीची तेलकाडी पुसून पाहणारा मालक आजही आपला खर्च मोजताना कुरकुरतो, आणि मोटार विकावयाची गोष्ट निघाली की विषय बदलतो.